चौथ्या दिवशीचा पहिला पाय

सरकारी भेट मिळाली म्हणून अपमान वाटावा अशी माणसं हनोईत फारशी नसतील. थोआबाई त्यांतल्या एक निघाल्या.

तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण, तोंडावर आला होता. पीचच्या फांद्या आणि संत्र्याची कुंडीतली झाडं स्कूटरवर मागच्या सीटवर बसून घरोघर चालली होती. अशा ऐन धांदलीत इमारतीचे गटप्रमुख हिएनभाऊ धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आले. सोबत एक फोटोवाला, एक लाल कापडी फलक आणि एक पिशवी. पिशवीत तेलाची बाटली, शेवयांची पाकिटं, बिस्किटं आणि एक कॅलेंडर. फलकावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नववर्षाच्या शुभेच्छा'.

थोआबाईंनी फलक दोनदा वाचला. जन्मभर शाळेत रशियन शिकवलेली बाई. तिला आधी शुद्धलेखन दिसणार. शुद्धलेखन बरोबर होतं. चुकला होता तो पत्ता.

"हे माझ्यासाठी नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्याचसाठी, ताई."

"मी वृद्ध नाही."

"साठीच्या पुढे वृद्ध. नियम वरून आलाय, त्याला मी काय करू?"

"आणि एकटीही नाही. मुलगा आहे मला."

"असतो कुठे?"

"ओसाकाला."

हिएनभाऊंनी फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने छताकडे पाहिलं. "ताई, या यादीतून बाहेर पडायचं तर रीतसर अर्ज करावा लागेल. घरात दुसरं माणूस राहतं असा दाखला, त्या माणसाची सही आणि शेजाऱ्यांचा जबाब. सण उरकला की या. पिशवी मात्र आत्ताच घ्या, मला अजून चौथा मजला करायचाय. जरा हसा."

थोआबाई हसल्या नाहीत. फोटोत त्या पिशवीकडे अशा बघताहेत, जणू आत मेलेला उंदीर असावा.

आणि हे सगळं समोरच्या दारातून लुयेनताई बघत होत्या. लुयेनताई सत्तरीला टेकलेल्या, कापड गिरणीतून निवृत्त झालेल्या, आणि इमारतीतल्या समस्त रीतिरिवाजांच्या सर्वोच्च न्यायाधीश. कोणाच्या बारशाला काय न्यावं, उदबत्त्या विषम का लावाव्यात, सासऱ्याच्या श्राद्धाला कोंबडीचं तोंड कुठल्या दिशेला असावं, सगळ्याचे निवाडे त्यांच्याकडे. अपील नाही.

आता शेजारीण बघतेय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो किंवा वाहवत जातो. थोआबाई वाहवत गेल्या. "एकटी म्हणे!" त्या जिन्याच्या दिशेने, पण समोरच्या दाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "पहिल्या दिवशी माझ्याकडे माणसांची रीघ लागते!"

"रीघ लागू दे गं," लुयेनताई म्हणाल्या. "पण यंदा पहिला पाय कोणाचा ठरवलायस?"

हा प्रश्न वर्मी लागला. तेतच्या दिवशी उंबरठा ओलांडून जो पहिला आत येतो, त्याच्या वळणावर घराचं वर्ष जातं. आजवर हे काम थोआबाईंचे यजमान करत. जुनं वर्ष संपायच्या आधी घराबाहेर जायचं, नवं लागलं की हातात कोवळी डहाळी घेऊन परत यायचं आणि आपल्याच दारावर टकटक करून विचारायचं, "आहे का कोणी घरात?" आत थोआबाई उभ्या असायच्याच. पण जरा वेळ लावून, पाहुण्याला उघडावं तसं दार उघडायच्या. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी यजमान गेले. दाराच्या आतली बाजू अजून शाबूत होती. बाहेरच्या बाजूला कोणी नव्हतं.

"वुओंगभाऊंचा," थोआबाई बोलून गेल्या.

लुयेनताईंच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. कारण वुओंगभाऊ म्हणजे काही ऐरागैरा पाय नव्हे. पहिल्या मजल्यावरचे वुओंगभाऊ वीजमंडळातून सुखरूप निवृत्त झालेले. बायको हयात, मुलगे-मुली दोन्ही, त्यात यंदा जुळी नातवंडं, रक्तदाब नॉर्मल, आणि नावाचा अर्थच 'भरभराट'. शिवाय जन्म कुत्र्याच्या वर्षातला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. येणारं वर्ष घोड्याचं आणि थोआबाई मांजराच्या वर्षातल्या. इथल्या पूर्वजांनी चिन्यांकडून राशींचं पंचांग घेतलं, पण त्यातला ससा काही पसंत पडला नाही; तो परत करून त्यांनी तिथे मांजर बसवलं. का, ते कोणी विचारलं नाही. हा इथला स्वभावच आहे. फ्रेंचांची कॉफी घेतली, तर तीत आटवलेलं गोड दूध ओतलं. रशियनांकडून इमारतीचा आराखडा घेतला, तर गॅलऱ्यांना पुढे लोखंडी पिंजरे ठोकून प्रत्येकाने घर वाढवलं. आलेली गोष्ट आली तशी वापरली, असं कधी व्हायचं नाही. तर सांगायचं ते असं, की घोडा आणि मांजर या दोघांशी ज्याचं जमतं असा चोख प्राणी कुत्रा. कुत्र्या-मांजराचं गूळपीठ फक्त पंचांगातच जमू शकतं.

खुद्द लुयेनताई कोंबड्याच्या वर्षातल्या. कोंबड्याचं आणि मांजराचं उभं वैर. त्यामुळे सणाचे दिवस त्या समोरच्या घरात चुकूनसुद्धा पाऊल टाकत नसत. जे काय बोलायचं ते आपापल्या दारातून.

"वुओंगभाऊ!" लुयेनताई म्हणाल्या. "मोठी माणसं बाई तुम्ही."

आता बोललेलं खरं करणं भाग होतं. थोआबाई बिस्किटांचा परदेशी डबा घेऊन पहिल्या मजल्यावर गेल्या. दारात हाओवहिनी, म्हणजे वुओंगभाऊंच्या पत्नी, आधीच दोन बायकांना वेळा वाटून देत होत्या. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी शिस्त होती. नवऱ्याचा पाय तर नवऱ्याचाच, पण त्याचा सगळा कारभार वहिनींकडे.

"थोआताई, तुम्हाला नाही कसं म्हणू," त्या डबा हातात तोलत म्हणाल्या. "पण तुमच्या घरी यंदा शोक ना. पहिल्या दिवशी हे तुमच्याकडे येऊन गेले, तर बाकीचे यांना दारात तरी उभं करतील का? तुम्हीच सांगा."

थोआबाईंनाच सांगायला सांगितल्यावर त्यांना काही सांगता येईना. शोकातल्या माणसाने या दिवसांत दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं, हे त्यांना पाठच होतं. पण आपल्या घराचा शोक दुसऱ्याच्या चपलेला चिकटून खाली पहिल्या मजल्यावर उतरतो, हे नवीन कळलं.

"असं करू," वहिनी म्हणाल्या. "चौथ्या दिवशी सकाळी पाठवते. तोवर सगळी घरं झालेली असतात. फक्त एक सांभाळा. तोपर्यंत तुमच्या घरात कोणाचाही पाय पडता कामा नये. नाहीतर यांचा पाय पहिला कसा?"

तर्क बिनतोड होता. थोआबाई आनंदाने जिना चढून आल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांना हळूहळू कळत गेलं, की घरात कोणी यावं म्हणून आपण घरात कोणी येऊ द्यायचं नाही असं कबूल करून आलोय.

लुयेनताईंनी निवाडा दिला, "बरोबर आहे. दार बंद ठेव. अगदी उघडायचंच नाही. बाहेर बघायचंही नाही." त्यांनी हे जरा जास्तच जोर देऊन सांगितलं. "माझ्याकडे तर यंदा नुसता गोंधळ असणार. मुलगा, सून, नातवंडं, सुनेचे आईवडील. तुला दार उघडं ठेवून त्रासच व्हायचा."

रविवारी ओसाकाहून लामचा, म्हणजे मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. लामची बायको जपानी, आणि जपान्यांनी आपलं नवं वर्ष केव्हाच युरोपच्या कॅलेंडरवर नेऊन ठेवलंय. त्यामुळे तेतला तिथे रजा नसते. तीन वर्षांची युई पडद्याला नाक लावून उभी होती. आजी आणि नात दोघीही मांजराच्या वर्षातल्या, मध्ये साठ वर्षांचा पूर्ण फेरा. थोआबाईंना याचा केवढा अभिमान.

"माझं मांजराचं पिल्लू!" त्या म्हणाल्या.

युईने रडायला सुरुवात केली. लाम जपानीत काहीतरी समजावू लागला. "आई, तिला पाळणाघरात सांगितलंय ती ससा आहे. टोपीला कान पण आहेत."

"ससा? मग ती माझी कोण लागली?"

"आई, प्लीज."

"बरं बाबा, ससा," थोआबाई म्हणाल्या. पण तोवर पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

पहिला दिवस उजाडला. थोआबाईंनी मरून रंगाचा आओ-याई, म्हणजे सणाचा लांब झगा, घातला, पूर्वजांच्या वेदीवर यजमानांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, बांबूच्या कोंबांचं सूप मोठ्या पातेल्यात ठेवलं, सुकामेव्याची तबकडी भरली आणि दाराला आतून कडी घालून त्या पाहुण्यांसारख्या खुर्चीत बसल्या. समोरच्या घरात खरोखरच गोंधळ चालू होता. हसणं, टाळ्या, कोणीतरी गातंय, परत हसणं. लामने ऑफिसच्या जिन्यातून फोन केला तो कुजबुजतच. "आई, पाहुणे आलेत वाटतं? आवाज येतोय."

"मग! भरलंय घर. ठेवते आता, चहा बघायचाय," थोआबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून परत खुर्चीत बसल्या.

थोड्या वेळाने खरंच दार वाजलं. बहिणीची मुलगी ली, तिचा नवरा आणि लहान मूल पार हा-दोंग उपनगरातून आले होते. ज्या आवाजाची सकाळपासून वाट बघितली तो आवाज, आणि थोआबाई दाराला पाठ लावून उभ्या!

"मावशी, उघड ना! आम्ही आलोय!"

"अगं, मला ताप आहे," थोआबाई आतून म्हणाल्या. सुचलं ते हेच.

"ताप? थांब, रुग्णवाहिका बोलावतो!" जावई म्हणाला.

"एवढा नाही! बारीक आहे. पण लागण होणारा आहे. बाळ आहे ना तुमच्यासोबत."

बाहेर कुजबुज झाली. मास्क निघाले. मग लीने प्रस्ताव मांडला, की निदान बान्ह चुंग तरी घे, मी पहाटेपर्यंत चुलीपाशी बसून उकडलाय. थोआबाईंनी लाकडी दार फटीएवढं उघडलं. बाहेरची लोखंडी जाळी बंदच ठेवली. पण पानात बांधलेला तो चौकोनी भात जाळीतून जाईना. आडवा धरला, तिरका धरला. जावयाने मागून ढकलला. शेवटी जाळी वीतभर उघडून लीने हात आत घातला. आता हात म्हणजे पाय का? थोआबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात हा पाय नव्हे असं ठरवून बान्ह चुंग घेतला. आतूनच त्यांनी बाळासाठी शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट बाहेर सरकवलं.

"काळजी घे मावशी! पुन्हा येऊ!"

जिन्यावरून तिघं उतरली. उतरताना लीचा नवरा म्हणाला, "चला, मग अजून मॉलमध्ये गर्दी नसेल." त्यांची पावलं फार भराभर गेली. थोआबाईंनी बान्ह चुंग टेबलावर ठेवला. तो एका माणसासाठी फारच मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मांजर आलं. इमारतीचं करडं मांजर, गॅलरीच्या पिंजऱ्यातून. घरात परकं मांजर येणं हे तर पहिल्या पायाच्या हिशेबात पार बुडीतच. थोआबाईंनी झाडू उचलला आणि थबकल्या. सणाच्या दिवसांत झाडू लावला तर घरातलं नशीबच बाहेर जातं. झाडू हातात, मांजर गॅलरीच्या उंबऱ्यावर, आणि निर्णय देणारी व्यक्ती दोन दारांपलीकडे.

"लुयेनताई! मांजराचा पाय धरतात का?"

समोरून जरा वेळाने आवाज आला. "किती पाय आत आलेत?"

"पुढचे दोन."

"मग अजून आलं नाही. मागचे येऊ देऊ नकोस."

"झाडू चालेल?"

"उगारायला हरकत नाही. जमिनीला लावू नकोस."

थोआबाई बराच वेळ झाडू उगारून उभ्या राहिल्या. मांजर त्यांच्याकडे बघत बसलं. खरं सांगायचं तर थोआबाईंना त्याची सोबत वाटू लागली होती. शेवटी त्यांनी त्याला बाहेरच्या बाजूला डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला. मांजराने तो खाल्ला, मिशा पुसल्या आणि निघून गेलं. पाहुणा म्हणून त्याच्यात काही कमी नव्हतं.

"लुयेनताई, तुमच्याकडची मंडळी जेवली का?" थोआबाईंनी दाराआडून विचारलं.

"मघाशीच! आता पत्ते मांडलेत," लुयेनताई ओरडल्या. पाठीमागे कोणीतरी जोरात हसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इमारतीची वीज गेली. सणात जातेच, प्रत्येक घरात कढई, हीटर, कराओके. थोआबाई सवयीने समोरच्या घराकडे कान लावून होत्या. गाणं चालू होतं. कोणीतरी कडवं संपवत होतं, पन्नासएक माणसं टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या मधोमध तुटल्या.

मग काहीच नाही.

एवढी माणसं एकदम गप्प कशी झाली? थोआबाईंनी वाट बघितली. आता मुलं ओरडतील, सून मेणबत्ती मागेल, मुलगा खाली जाऊन बघतो म्हणेल. कोणी ओरडलं नाही. फक्त एक खुर्ची सरकली, आणि लुयेनताई खोकल्या. एकट्या.

थोआबाई तशाच उभ्या राहिल्या. दूरदर्शनवाल्यांनी सणाचा कार्यक्रम फार चांगला केला होता, यात शंका नाही.

थोड्या वेळाने समोरचं दार उघडलं. "थोआ! ऐकलंस का?" लुयेनताई थोआबाईंच्या जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. थोआबाईंनी लाकडी दार उघडलं, जाळी बंदच ठेवली. जांभळ्या मखमलीचा आओ-याई, कानांत मोती, ओठांना लाली. सगळं नीट, पण लाली सकाळपासूनची होती आणि कोणी काही खाल्ल्याप्यायल्यासारखी पुसली नव्हती. "वुओंगभाऊ जिन्यात पडले. घरोघरी दारूचा आग्रह झाला ना. पाय मोडलाय."

"कुठला?"

"उजवा. तोच तो. ज्यावर अख्ख्या इमारतीचं वर्ष उभं होतं. आता त्या घरांचं काय होणार बघ!" लुयेनताईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा न्यायाधीशाचा झाला. "हाओवहिनी म्हणाल्या, प्लास्टर निघालं की तुझ्याकडे पाठवतील. तोवर तू दार बंदच ठेव."

"प्लास्टर निघेपर्यंत?"

"नियम म्हणजे नियम."

थोआबाई जाळीतून बघत होत्या. अंधाऱ्या जिन्यात लुयेनताई निरोप सांगून झाल्यावरही उभ्याच होत्या. जायला त्यांना काही अडचण नव्हती. घर तीन पावलांवर होतं.

"जेवलात?" थोआबाईंनी विचारलं.

"जेवले की. केव्हाच. सगळ्यांबरोबर."

"काय केलं होतं?"

इमारतीत कोणालाही कुठल्याही पदार्थाची कृती विचारा, लुयेनताई अडखळत नसत. आज अडखळल्या. "तेच आपलं... नेहमीचं."

थोआबाईंनी जाळीची कडी काढली. फार आवाज झाला. "या आत."

"वेड लागलंय का तुला? मी कोंबडा आहे!"

"माहितीय."

"तीन दिवस दार सांभाळलंस, सख्ख्या भाचीला परत पाठवलंस, आणि शेवटी कोंबडा घेणार घरात?"

"सूप गरम आहे. परत परत तापवलं की बांबू चिवट होतो."

हे कारण लुयेनताईंना पटण्यासारखं होतं. बांबूच्या बाबतीत त्यांची मतं कडक होती. त्यांनी चपला काढल्या. जिन्यात वर-खाली बघितलं. मग उंबऱ्यासमोर, नदीच्या पाण्यात उतरावं तशा, जरा थांबल्या. थोआबाई आत उभ्या होत्या. लुयेनताई आत आल्या.

आत आल्याबरोबर त्या नेहमीच्या झाल्या. पीचची फांदी चुकीच्या कोपऱ्यात आहे. वेदीवरची केळी फार पिकलीत. यजमानांच्या फोटोची काच पुसलेली नाही, आणि पुसली असेल तर कोरड्या फडक्याने पुसलीय. थोआबाईंनी सूप वाढलं, बान्ह चुंग कापला, कांद्याचं लोणचं पुढे केलं. अर्धा बान्ह चुंग संपला तेव्हा लुयेनताई वाटीत बघत म्हणाल्या, "मुलं फू क्वोकला गेलीत. समुद्रावर. हल्ली म्हणे अशीच पद्धत आहे, तेतला हॉटेलात राहायचं."

"असेल," थोआबाई म्हणाल्या. "बदलतंय सगळं."

"मला चल म्हणत होते."

"म्हणणारच."

"मीच म्हटलं, वेदीपुढे उदबत्ती कोण लावणार?"

"बरोबर आहे."

इतक्यात वीज आली. थोआबाईंच्या पंख्याने एक गिरकी घेतली, फ्रीज कण्हला, आणि समोरच्या रिकाम्या घरात पन्नासएक माणसांनी एकदम टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी खो खो हसलं. मग गाणं सुरू झालं. दोघी लोणच्याकडे बघत राहिल्या. त्या लोणच्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं.

गाणं संपल्यावर लुयेनताईंनी घसा साफ केला. "आता वर्षभरात तुझी कढई करपली, नळ गळला, गुडघा धरला, की म्हणशील, लुयेनचा पाय."

"म्हणीनच."

"साऱ्या इमारतीला सांगशील."

"इमारतीला कशाला? तुम्हालाच सांगेन. रोज सकाळी येत जा, म्हणजे तोंडावर बोल लावता येतील."

लुयेनताई ताठ बसल्या. पलीकडे पुन्हा टाळ्या झाल्या. "सकाळी नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "सकाळी माझ्याकडे माणसं असतात."

"मग दुपारी."

"दुपारचं बघू," लुयेनताई म्हणाल्या आणि रिकामी वाटी पुढे केली. "आणि मीठ कमी आहे."